दुसरा बाण : पीसीओएस आणि स्त्रीचे मन

तथागतांनी भिक्खूंना दिलेला एक साधा दृष्टान्त संयुत्त निकायात आहे. एखाद्या माणसाला बाण लागतो आणि त्या जखमेवर लगेच दुसरा बाण येऊन लागतो. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेपायी मनाने भोगलेल्या शोकाचा आणि भयाचा. ज्याने मनाला शिकवण दिली आहे त्यालाही पहिला बाण चुकत नाही, दुसरा मात्र चुकवता येतो. आपल्या वसतिशाळेत शिकलेल्या अनेकांनी हा दृष्टान्त धम्मवर्गात ऐकला असेल. या स्मरणिकेसाठी लेखाचा विषय ठरवताना तो आम्हाला पुन्हा आठवला. ज्या आजाराविषयी आम्ही येथे लिहीत आहोत त्यात पहिला बाण संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोनचा आहे. दुसरा बाण मात्र पुष्कळदा त्या स्त्रीच्या मनातून न निघता बाहेरून येतो. तो घरातून येतो, चाळीच्या जिन्यावरून येतो, लग्नाच्या बैठकीतून येतो आणि कधी कधी दवाखान्यातूनही येतो.

हा आजार म्हणजे पीसीओएस. बोलीत आपण त्याला ‘पीसीओडी’ म्हणतो. माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भेटलेल्या मैत्रिणींच्या गप्पांत हा शब्द आता वारंवार कानी पडतो. बोलणे होते ते पाळीचे, वजनाचे आणि मूल होण्या-न होण्याचे. मनाचे बोलणे क्वचितच होते. म्हणून या लेखात आम्हाला एकच गोष्ट ठामपणे मांडायची आहे. पीसीओएस असलेल्या स्त्रीचे उदास होणे, धास्तावणे, स्वतःच्या शरीराचा तिटकारा येणे हा तिच्या स्वभावाचा दोष नाही आणि नाटकही नाही. त्या आजाराच्या चौकशीत आणि उपचारात मनालाही शरीराइतकेच स्थान हवे.

वरळीतील एक खोली

वरळीच्या बीडीडी चाळी आपल्या समाजातील अनेक कुटुंबांना वेगळ्या सांगायला नकोत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींपैकी १२१ एकट्या वरळीत आहेत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बाकीच्यांपैकी अनेकांचे आयुष्य अजून जुन्या खोलीत किंवा संक्रमण शिबिरात चालले आहे.

अशाच एका खोलीतील मुलीचे चित्र आम्ही पुढे देत आहोत. ही कोणी एक मुलगी नाही. अनेकींनी सांगितलेल्या अनुभवांतून ते चित्र जुळवले आहे.

ती चोवीस वर्षांची आहे. वसतिशाळेत दहावी झाली, मग वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि आता लोअर परळच्या एका कचेरीत नोकरी करते. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते. हनुवटीवर राठ केस येतात. सगळे उठण्याआधी, पहाटे पाच वाजता, ती मोरीच्या कोपऱ्यात उभी राहून हातातल्या आरशात बघत चिमट्याने ते उपटते. १६० चौरस फुटांत दार लावून एकटीने बसण्याची सोय नसते, रडण्यासाठीही नसते. मुलगी बघण्याचे तीन कार्यक्रम झाले. तिन्ही वेळा नकार आला आणि तिन्ही वेळा घरात चर्चा तिच्या वजनाची झाली. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम खेळणारी ही मुलगी गेली दोन वर्षे घराबाहेर पडत नाही, कारण तेथे फोटो काढतात. रात्री दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी कामावर जायचे म्हटले की छातीत धडधडते.

ती डॉक्टरांकडे गेली नाही असे नाही. पाळीची तारीख विचारली गेली, वजन झाले, सोनोग्राफी झाली, गोळ्या मिळाल्या. झोप लागते का, कशात मन रमते का, जगणे नकोसे वाटते का, हे मात्र कोणी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. पाळीच्या डॉक्टरांना मनाचे सांगायचे असते हे तिला ठाऊकच नव्हते.

आजार नेमका काय आहे

या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या अभ्यासावरून केले. बीजांडकोशात त्यांना अनेक लहान लहान पुटे दिसली. तेव्हापासून ‘पॉलिसिस्टिक’, म्हणजे बहुपुटी, हे नाव रूढ झाले आणि त्याबरोबर एक गैरसमजही रुजला. सोनोग्राफीत दिसणारी ती पुटे म्हणजे गाठी नव्हेत आणि कर्करोग तर नव्हेच. दर महिन्याला बीजांड पिकवणाऱ्या ज्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्या अर्ध्या वाटेवर थांबून राहिलेल्या असतात, इतकाच त्याचा अर्थ. ‘पोटात गाठी झाल्या आहेत’ हे वाक्य ऐकून हबकलेल्या आया आणि मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना एवढे जरी कोणी समजावून सांगितले तरी अर्धे भय ओसरते.

मूळ बिघाड संप्रेरकांच्या तोलात आहे. पुरुषांत अधिक प्रमाणात असणारी ॲन्ड्रोजेन ही संप्रेरके स्त्रीच्या शरीरातही थोडी असतात. पीसीओएसमध्ये त्यांचे प्रमाण किंवा परिणाम वाढतो. त्यामुळे चेहऱ्यावर राठ केस येतात, मुरमे येतात, डोक्यावरचे केस विरळ होतात. त्याच्या जोडीला बहुतेकींमध्ये इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. मग शरीर अधिक इन्सुलिन तयार करते आणि ते वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशाला आणखी ॲन्ड्रोजेन बनवायला लावते. असे हे चक्र आहे. मानेवर किंवा काखेत त्वचा काळपट, मखमलीसारखी जाड होते ती याच कारणाने. तो मळ नसतो. घासून घासून मान सोलून घेणाऱ्या मुलींनी आणि त्यांना ‘नीट अंघोळ कर’ म्हणणाऱ्या मोठ्यांनी हे लक्षात ठेवावे.

२००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी आढळल्या आणि तशीच लक्षणे देणारे दुसरे आजार नाहीत याची खात्री झाली, तर प्रौढ स्त्रीमध्ये पीसीओएसचे निदान होते. अनियमित पाळी ही पहिली गोष्ट, ॲन्ड्रोजेन वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल ही दुसरी आणि सोनोग्राफीत दिसणारा बहुपुटी बीजांडकोश ही तिसरी. या निकषांत मनाचा उल्लेख नाही. निदानासाठी तो आवश्यकही नाही. पण निकषांत नसलेली गोष्ट तपासणीतूनही गळून गेली, आणि तेथे अनेकींचे नुकसान झाले.

हा आजार दुर्मीळ नाही. जगभरात प्रजननक्षम वयातील साधारण दहा स्त्रियांमागे एकीला तो असतो आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचे निदानच झालेले नसते. मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींमध्ये आणि अधिक काटेकोर अशा दुसऱ्या निकषांनी १०.७ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. त्याच अभ्यासात पीसीओएस आढळलेल्या मुलींपैकी सुमारे ७२ टक्के मुली स्थूल नव्हत्या. ‘जास्त खाल्ले, बसून राहिली, म्हणून झाले’ हा आपल्याकडचा निवाडा किती घाईचा आहे, हे या एका आकड्यावरून कळते.

मनाचा हिशेब

आता मनाकडे येऊ. २०१७ साली जगातील अनेक अभ्यास एकत्र करून त्यांचे विश्लेषण झाले. त्यात नैराश्याची लक्षणे पीसीओएस असलेल्या स्त्रियांत ३६.६ टक्के, तर नसलेल्यांत १४.२ टक्के आढळली. चिंताविकाराच्या लक्षणांचे प्रमाण ४१.९ टक्के विरुद्ध ८.५ टक्के असे होते. मुंबईतील एका रुग्णालयात पीसीओएस असलेल्या ७० स्त्रियांची पाहणी झाली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत ३८.६ टक्के स्त्रियांत चिंता आणि २५.७ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले. म्हणजे आपल्याच शहरात, साधारण चार स्त्रियांमागे एक उदासीने ग्रासलेली आणि पाचांमागे दोघी चिंतेने.

याची कारणे एकपदरी नाहीत. आजाराची लक्षणे सर्वांना दिसतील अशा जागी उमटतात. चेहरा, केस, त्वचा, बांधा यांवरूनच आपल्याकडे मुलीची किंमत होते. पाळी कधी येईल याचा नेम नसल्याने मनाला सतत धास्ती असते. निदान होण्यात वर्षे जातात आणि तोवर ‘काही नाही, लग्न झाल्यावर होईल ठीक’ असे ऐकावे लागते. वजन उतरता उतरत नाही आणि प्रत्येक अपयश स्वतःच्या नावावर मांडले जाते. झोप बिघडते. काहींना झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असतो, त्यामुळे रात्रभर पडूनही दिवसा थकवा जात नाही आणि थकलेले मन लवकर खचते. संप्रेरके आणि इन्सुलिन यांचा मेंदूवर थेट काय परिणाम होतो याचेही संशोधन चालू आहे. वजनाचा हिशेब बाजूला ठेवला तरी हा धोका शिल्लक राहतो, म्हणून केवळ ‘बारीक हो, मन आपोआप लागेल’ हा सल्ला अपुरा आहे.

हे सर्व पाहूनच २०२३ साली तज्ज्ञांनी पीसीओएसविषयी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत स्पष्ट शिफारस आहे की निदान होताच प्रत्येक प्रौढ स्त्रीची आणि किशोरवयीन मुलीची नैराश्य व चिंता यांसाठी चौकशी व्हावी. शरीराविषयीचा न्यूनगंड, खाण्यापिण्यातील विकृती आणि वैवाहिक जीवनातील ताण यांचीही दखल घ्यावी. वजनावरून रुग्णाला हिणवले जाते आणि त्याने अपाय होतो, हेही त्यांत मान्य केले आहे. तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण होऊन सांगावे. तो आपला हक्क आहे.

दुसरा बाण कोण मारतो

दृष्टान्ताचा एक चुकीचा वापर होऊ शकतो, त्याबद्दल येथे सावध करणे आम्हाला आवश्यक वाटते. ‘दुसरा बाण मनाचा असतो, म्हणून तू मन घट्ट कर’ असे दुःखी स्त्रीला सांगणे सोपे आहे. पण जो बाण आपण मारला, तो तिने स्वतःला मारून घेतला असे म्हणणे हा धम्म नव्हे.

आपण बोलतो ती वाक्ये एकदा कागदावर लिहून पाहावीत. ‘किती सुटली आहेस गं.’ ‘गोड बातमी कधी?’ ‘आमच्या वेळी नव्हते हे असले आजार.’ ‘स्थळाला सांगू नका हं पाळीचे.’ यांतील एकही वाक्य शत्रूचे नाही. मावशी, काकी, वहिनी, शेजारीण यांची ही वाक्ये आहेत आणि बरीचशी प्रेमाने बोललेली आहेत. पण ज्या मुलीने पहाटे पाच वाजता चिमटा हातात घेतला आहे, तिच्यावर दिवसभरात ती चार वेळा येऊन आदळतात.

सर्वांत जिव्हारी लागणारा बाण मूल न होण्याच्या भीतीचा. ‘पीसीओडी म्हणजे वांझपण’ हे समीकरण खोटे आहे. बीजांड वेळेवर सुटत नसल्याने दिवस राहण्यास उशीर होऊ शकतो, काहींना औषध लागते. त्यासाठी लेट्रोझोलसारखी परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत आणि पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होते. आणि समजा नाही झाले, तरी त्या स्त्रीच्या माणूसपणात काय उणे झाले? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या काळातील लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. वरळी-परळच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायांना त्या कायद्याचा आधार झाला. स्त्रीच्या शरीराचे ओझे तिच्या एकटीचे नाही, समाजानेही ते उचलले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. तोच विचार आजच्या या आजारालाही लागू आहे.

वसतिगृहातील मुलगी

पालकांसाठी आणि वसतिगृहाच्या अधीक्षिकांसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्षभर ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. पहिल्या ते तिसऱ्या वर्षात दोन पाळ्यांमधील अंतर ४५ दिवसांहून अधिक किंवा २१ दिवसांहून कमी राहू लागले, तिसऱ्या वर्षानंतर ते ३५ दिवसांच्या पुढे जाऊ लागले, पहिल्या वर्षानंतर कधीही सलग ९० दिवस पाळी आली नाही किंवा पंधराव्या वर्षापर्यंत ती सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. किशोरवयीन मुलीत केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये. या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोशातही अशी पुटे दिसतात. अनियमित पाळी आणि ॲन्ड्रोजेन वाढल्याची लक्षणे ही दोन्ही असतील तरच ते निदान करतात. घाईने चिकटवलेले नावही मुलीच्या मनावर ओझे टाकते.

मनाचे काय पाहावे? आवडीच्या गोष्टीतले लक्ष उडाले आहे का, मन सतत खिन्न आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवशी उत्तर ‘हो’ असेल तर तज्ज्ञांकडे न्यावे. याशिवाय जेवण टाळणे किंवा चोरून भरमसाट खाणे, खाल्लेले उलटून टाकणे, आरसा टाळणे, उन्हाळ्यातही तोंडाला रुमाल बांधून राहणे, अभ्यासात एकाएकी मागे पडणे, मैत्रिणींपासून तुटणे या खुणा ओळखाव्यात. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोंडलेले बोलायला वाट मिळते.

वसतिगृहात हे कोणी करायचे, असा प्रश्न येईल. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ धुऊन खाटेवर निजवले. इतर भिक्खूंना विचारले तेव्हा उत्तर आले की तो आमच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून आम्ही त्याची शुश्रूषा केली नाही. त्यावर तथागतांनी त्यांना समजावले की येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्ही एकमेकांची काळजी घेतली नाही तर ती कोण घेणार? वसतिगृह म्हणजे असाच संघ आहे. तेथे अधीक्षिका, शिक्षिका आणि वरच्या वर्गातील ताई हेच घर असते.

उपचार : शरीराचे आणि मनाचे एकत्र

पीसीओएस समूळ नाहीसा करणारे औषध आज नाही. तो ताब्यात मात्र चांगला ठेवता येतो. पाळी नियमित करण्यासाठी आणि केस-मुरमांसाठी संप्रेरकांच्या गोळ्या देतात. या गोळ्या ‘संततिनियमनाच्या’ आहेत म्हणून अविवाहित मुलीला देऊ नयेत, ही भीती अनाठायी आहे. येथे त्या औषध म्हणून दिल्या जातात. इन्सुलिनसाठी मेटफॉर्मिन वापरतात. पाळी महिनोन् महिने न येणे अंगावर काढू नये, कारण गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाऊन पुढे धोका संभवतो. मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणीही ठरावीक काळाने करून घ्यावी.

आहाराबाबत एक दिलासा आहे. कोणताही एक विशिष्ट आहार पीसीओएससाठी श्रेष्ठ ठरलेला नाही. महागड्या पावडरी आणि उपाशी राहण्याचे प्रयोग यांची गरज नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, अंडी, बोंबील-बांगडा हा आपला नेहमीचा स्वयंपाक पुरेसा आहे; गोड, तळलेले आणि मैद्याचे कमी करावे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे आणि किशोरवयीन मुलींनी रोज सुमारे तासभर अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी. वरळी सी फेसवर चार मैत्रिणींनी मिळून भराभर चालणे हा यातला सर्वांत स्वस्त आणि मनालाही मानवणारा उपाय. वजनकाट्यावर फरक दिसला नाही तरी व्यायामाने झोप, मनःस्थिती आणि इन्सुलिनचे काम सुधारते, म्हणून काट्याकडे पाहून चालणे सोडू नये.

मनासाठी समुपदेशन आणि विचार-वर्तन उपचारपद्धती उपयोगी पडते. तीत ‘मी कुरूप आहे, माझा काही उपयोग नाही’ अशा विचारांची तपासणी करून त्यांना तोलून पाहायला शिकवतात. नैराश्य अधिक असेल तर औषधे लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि ती मनाने एकाएकी बंद करायची नसतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांनाही एकमेकांची सर्व औषधे दाखवावीत. मनोविकारांवरील काही औषधांनी वजन वाढते आणि व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने पाळी व संप्रेरके बिघडू शकतात. तसेच संप्रेरकांच्या गोळ्यांनी क्वचित कोणाची मनःस्थिती बदलते. या गोष्टी डॉक्टरांना कळल्या तर पर्याय निवडता येतो. चेहऱ्यावरचे केस काढण्याच्या उपायांना ‘नखरे’ म्हणू नये. ज्या मुलीला त्यामुळे पुन्हा माणसांत जाता येते, तिच्यासाठी तो उपचारच आहे.

आनापान आणि विपश्यनेविषयी आम्हाला अनेक पालक विचारतात. श्वासाकडे लक्ष देण्याचा नित्य सराव चिंता ओसरायला साहाय्य करतो, असा आपल्यापैकी कित्येकांचा अनुभव आहे. तो जरूर करावा. पण तो औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या जोडीने करावा. तीव्र नैराश्यात दीर्घ मौनाच्या शिबिराला जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि शिबिराच्या आचार्यांनाही खरी परिस्थिती सांगावी. आजारी भिक्खूला औषध घेण्याची अनुज्ञा खुद्द तथागतांनी दिली होती, हे विसरू नये.

कोठे जावे

वरळीपासून जवळच, परळला, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तेथे पीसीओएससाठी वेगवेगळ्या शाखांचे तज्ज्ञ एकत्र येऊन तपासतात, असे क्लिनिक चालते. परळच्या केईएम आणि मुंबई सेंट्रलच्या नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत स्त्रीरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. किशोरवयीन मुलामुलींसाठी राज्यातील शासकीय रुग्णालयांत जी सल्ला केंद्रे चालतात, त्यांचे नावच ‘मैत्री’ आहे. घरातून बाहेर पडणे शक्य नसेल तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

खर्चाची आणि बदनामीची भीती अनेकांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. रुग्णाची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विम्याचे संरक्षण द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. संविधानाने दिलेल्या हक्कांसाठी झगडण्याचा वारसा ज्या समाजाला आहे, त्याने या हक्काचाही संकोच बाळगू नये.

घराने काय करावे

आम्ही फार मोठे काही मागत नाही. मुलीच्या वजनावर आणि चेहऱ्यावर बोलणे आजपासून थांबवावे. तिच्यासोबत दवाखान्यात जावे आणि ‘हिला झोप नाही, ही रडते’ हे तिच्या संमतीने डॉक्टरांना सांगावे. लहान खोलीत दिवसातून अर्धा तास तरी तिला एकटीला मिळेल अशी व्यवस्था करावी. बाकीच्यांनी तेवढा वेळ गॅलरीत बसावे. लग्न ठरवताना आजार लपवू नये आणि त्याचा बाऊही करू नये. नवऱ्याने तपासणीला बरोबर जावे, दिवस राहत नसतील तर स्वतःचीही तपासणी करून घ्यावी आणि आपल्या आईला उत्तर आपण द्यावे. घरातील पुरुषांनीही हा लेख वाचावा, अशी आमची खास विनंती आहे.

आणि ज्या भगिनी हा आजार सोसत आहेत त्यांना आमचे सांगणे आहे की तुम्ही आळशी नाही, दुबळ्या नाही आणि एकट्याही नाही. तुमच्याच वर्गातल्या, तुमच्याच रांगेतल्या दुसऱ्या कोणीतरी पहाटे आरशासमोर उभ्या असतात. पुढच्या मेळाव्यात एकीने जरी तोंड उघडले, तरी उरलेल्या बोलू लागतील.

पहिला बाण आपल्यापैकी कोणालाच परतवता आला नाही. त्यावर औषध आहे, ते घ्यायचे. दुसरा बाण मात्र पुष्कळदा आपल्याच भात्यातला असतो. तो आपण बाहेर काढला नाही, तर त्या पहाटेच्या मुलीचे निम्मे दुखणे तरी आपल्या हातून कमी होईल.

जय भीम. नमो बुद्धाय.